एक वीत पुढे

तादाओमीने कुलपात किल्ली घातली, पण फिरवली नाही. काढून पुन्हा खिशात टाकली आणि तो गल्लीत फिरायला निघाला. आई जाऊन एकोणपन्नास दिवस होऊन गेले होते, सगळे विधी उरकले होते, आता घर रिकामं करून द्यायचं तेवढं राहिलं होतं. पण आत पाऊल टाकायची त्याची छाती होईना.

क्योटोमधल्या विणकरांच्या या वस्तीत अठरा वर्षं तो मागांच्या खडखडाटात झोपला होता. आता अख्ख्या गल्लीत एकच माग चालू होता, तोही दम्याच्या माणसासारखा थांबत थांबत. सार्वजनिक न्हाणीघराचं धुराडं जागेवर होतं, पण खाली कॉफीचं दुकान निघालं होतं. ज्या निळ्या फरशीवर लहानपणी पडून त्याने दात पाडून घेतला होता, तिथे बसून दोन पोरी केकचे फोटो काढत होत्या. कोपऱ्यावरच्या कोनाड्यात मुलांचा रखवाला, दगडी जिझो, आईने शिवलेलं लाल लाळेरं गळ्यात घालून बसला होता. ते पाहून त्याला भडभडून आलं.

भेटेल तो कमरेत वाकत होता आणि दोन शब्द बोलून काढता पाय घेत होता. समोरच्या घरातले टोफूवाले हाझामाकाकासुद्धा वाकले आणि कसलंसं काम आठवल्यासारखे आत गेले.

तादाओमीचं डोकं तापलं. एकाला शिंक आली तर तिसऱ्या घरात काढा उकळणारी ही गल्ली. आणि आई शुक्रवारी रात्री गेली, ती सोमवारी दुपारी गॅसवाल्याला सापडली. मधले दिवस कोणी साधं दारही वाजवलं नाही? याचा जाब विचारल्याशिवाय तो टोकियोला परतणार नव्हता.

तो परत आला तेव्हा शेजारच्या इगाकीकाकू दारापुढचा पदपथ झाडत होत्या. वय ब्याऐंशी, पण हात चालता. इथे आपलं दार झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीत एक वीत पुढे जायचं असतं. अलीकडे थांबलात तर कंजूष, पलीकडे गेलात तर आगाऊ. शेजारी परगावी गेला असेल तरच त्याचं सगळं दार झाडून द्यायचं. साठ वर्षं त्याची आई फुसाए आणि काकू ती वीत पाळत आल्या होत्या.

त्याने प्रस्तावना केली नाही.

"काकू, तुमची नि आमची भिंत एक. तुम्हालासुद्धा कळलं नाही?"

काकूंचा झाडू थांबला.

"पानगळ होती," त्या म्हणाल्या. "शनिवारी सकाळी तुमच्या दारात पानांचा खच. मी सगळं झाडून काढलं. रविवारी पण. कोणी विचारलं तर सांगितलं, फुसाए टोकियोला गेलीय, लेक घेऊन गेला."

"पण मी आलोच नव्हतो."

"माहितीय मला."

काकूंनी झाडू दुसऱ्या हातात घेतला.

"भिंत एक आहे ना, बाळा. शुक्रवारचा तुझा फोन ऐकला मी. 'असू दे, काम आधी,' म्हणाली ती तुला. चांगली हसून म्हणाली. आणि महिनाभर गल्लीत सगळ्यांना सांगत होती, शनिवारी लेक न्यायला येतोय. नवा कोटसुद्धा दाखवून झाला होता."

काकूंनी पदपथावर नसलेला कचरा एकदा झाडला.

"शनिवारी तिचा दिवा लागला नाही. मला वाटलं, लपून बसलीय. दोन दिवस अंधारात काढील नि सोमवारी बॅग घेऊन बाहेर येईल, आत्ताच परतले म्हणेल. मी मनात म्हटलं, बाई सोंग चांगलं वठवतेय. मग आपणही हातभार लावावा. म्हणून झाडलं."

"दार वाजवायचं ना, काकू." तो म्हणाला.

"वाजवलं असतं तर तिला उघडावं लागलं असतं," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर."

जाब विचारायला तादाओमी आला होता आणि आता जाब त्यालाच द्यायचा होता. त्या शुक्रवारी कामही काही मोठं नव्हतं. कंटाळा आला होता, एवढंच. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"खरं अजून कोणाला बोलले नाही," काकू हळूच म्हणाल्या. "रविवारी रात्री परतली नि झोपेतच गेली, असंच समजतात सगळे. तुला सांगायचं तर सांग. मला काय म्हणतील ते म्हणोत."

तेवढ्यात समोरचं दार सरकलं. हाझामाकाका कागदात बांधलेला तळलेला टोफू घेऊन आले. आईच्या तसबिरीपुढे ठेवायला, म्हणाले. मघाशी तोच आणायला आत गेले होते. पुडी त्याच्या हातात देऊन ते रेंगाळले.

"तू तिला समुद्र दाखवणार होतास म्हणे. फार बोलायची. बघितला का तिने?"

इगाकीकाकूंनी मान खाली घातली. तादाओमीच्या तळहाताला पुडी गरम लागत होती.

"बघितला," तो म्हणाला. "वारा खूप होता. तरी उठायला तयार नव्हती."

"एकटीच बसली होती?"

"नाही, काका. मी होतो बाजूला."