अर्धा पाव

आमच्या खानावळीत कामाला लागणारा प्रत्येक जण आधी पाव चोरतो. मी चोरतो म्हणते, संस्थेच्या मॅडम "साठवतो" म्हणतात. रस्त्यावर झोपणाऱ्यांना स्वयंपाक शिकवायचा, त्यांच्या हातचं जेवण ऑफिसवाल्यांना विकायचं आणि त्यातूनच त्यांच्या डोक्यावर छप्पर आणायचं, असा हा सगळा मामला. मी इथली मुख्य आचारी. माझं तोंड फाटकं आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, पण पावाच्या बाबतीत मी चकार शब्द काढत नाही. पिठाच्या डब्यामागे, ॲप्रनच्या खिशात, जिथे तुकडा सापडेल तिथून उचलायचा आणि दाराजवळच्या टोपलीत टाकायचा. ती टोपली कायम भरलेली असते. कधीही या, घ्या, कुणी विचारणार नाही. हळूहळू माणसाची खात्री पटते की उद्याही पाव असणार आहे. मग लपवणं आपोआप सुटतं, आणि ते सुटलं की मॅडम वरच्या मजल्यावरच्या खोलीची चावी हातात ठेवतात.

शालवालीचं मात्र काही केल्या सुटेना. भट्टीसमोरसुद्धा शाल पांघरायची, म्हणून शालवाली. हाताला काय चव होती बाईच्या! तिचं सूप असलं की गिऱ्हाइकं वाट्या पुसून खायची. पण पाव कापला की अर्धा शालीत गेलाच.

एकदा कांदे चिरताना तीच बोलली. नवरा गेल्यावर ती आणि तिची लहानगी लेक फुटपाथवर राहायच्या. काही मिळालं की ती लेकीच्या पुढ्यातून अर्धं काढून ठेवायची. पोर दुपारची झोपायची आणि संध्याकाळी उठल्या उठल्या भुकेने भोकाड पसरायची, तेव्हा द्यायला काहीतरी हवं ना! मग एक दिवस नणंद आली आणि पोरीला घेऊन गेली.

"वहिनी, कडीकुलपाची जागा झाली की सांग," म्हणाली होती नणंद. "तुझी लेक तुला आणून देते."

त्या जागेसाठीच बाई जिवाचं रान करत होती. शेवटी तिचंही लपवणं सुटलं. चावी मिळाली त्या दिवशी तिने भांडी घासणाऱ्या म्हातारबुवांनाही मिठी मारली. ते बिचारे साबणाच्या हातांनी तसेच उभे.

नणंदेचा निरोप आला. पोरीला घेऊन येते, पण तिला तुझा चेहरा आठवत नाही. एकदम जवळ ओढू नकोस, आधी काकू म्हणू दे.

"काकू तर काकू," शालवाली म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आई म्हणेल बघा, आक्का."

त्या दोघी आल्या. नणंदेच्या हातात पोरीच्या कपड्यांची पिशवी होती. ती बघून माझाच जीव भांड्यात पडला. नणंदेने खोली बघितली, खिडकी उघडून बघितली, कडी लावून बघितली. "छान आहे गं वहिनी," म्हणाली. मग सगळ्या खाली जेवायला बसल्या.

शालवालीने स्वतः वाढलं. लेकीने सूप भुरकलं, तशी ही तिच्याकडे बघतच राहिली. आणि बघता बघता, देवाशप्पथ, तिचं तिलाही कळलं नाही, हात पुढे गेला, पोरीच्या ताटातला पाव मोडला आणि अर्धा शालीत गेला.

"आत्या!" पोर ओरडली. "काकूंनी माझा पाव चोरला!"

सगळी खानावळ वळून बघायला लागली. शालवालीचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, तिच्यासाठीच..." ती पुटपुटली. "संध्याकाळी लागतो तिला."

नणंद आवाज न चढवता बोलली, तेच जास्त लागलं. "वहिनी, माझ्याकडे आली तेव्हा ही उशीखाली तुकडे ठेवायची. मुंग्या व्हायच्या, मी रोज उचलायची. आत्ता कुठे तिचं सुटलंय गं. परत नको लागायला." तिचे डोळे भरले होते. तिने पिशवी उचलली.

मी मध्ये पडले. "अहो ताई, सुटलं होतं हिचं! एवढ्या तेवढ्यावरून पोर तोडता? आम्ही आहोत ना इथे!"

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "पण मला भीती वाटते." आणि पोरीचा हात धरून निघून गेली. पोर जाताना टोपलीतला एक अख्खा पाव घेऊन गेली. कुणी अडवलं नाही.

मॅडम चावीचं काहीतरी बोलायला लागल्या. मी सांगितलं, चावीला हात लावलात तर उद्यापासून चूल तुम्हीच पेटवा. चावी शालवालीकडेच राहिली.

संध्याकाळी मी ताट घेऊन वर गेले. शालवाली खाली फरशीवर बसली होती. पलंगावर छोटी नवी चादर घातलेली, सुरकुतीसुद्धा नव्हती. उशाशी एका वाटीत तो अर्धा पाव झाकून ठेवलेला. सवयीने माझा हात पुढे गेला.

"राहू दे आक्का," ती म्हणाली. "तिची उठायची वेळ झाली."

मी वाटी परत झाकली आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले.