उजव्या बाजूची झाडं

"आज काहून जाऊन राहिले कामावर?" प्रेमलानं विचारलं. बंडू मेश्राम चप्पल शोधायचं निमित्त करून खाटेखाली वाकला. चप्पल पायातच होती.

"नाई गेलो तं खाऊ काय?"

"मंग जा. पन मी बोलनार आहो. नाव देलं आहे."

हे त्याला ठाऊक होतं. हिंदी मुलखातल्या बीरगांवलगतच्या लोखंडाच्या कारखान्याला आणखी दोन भट्ट्या उभारायच्या होत्या आणि त्यावर आज अकरा वाजता मैदानात जनसुनावणी होती. कोणीही उठावं, माइकवर बोलावं, सरकारी साहेबांनी लिहून घ्यावं, असा कायदाच आहे. बंडूचं काम मात्र त्याआधीचं. चौदा वर्षं तो त्याच कारखान्याचा पाण्याचा टँकर ठेकेदारीवर चालवत होता. सुनावणीच्या सकाळी साहेबांच्या वाटेवरची झाडं धुवायची. काजळीनं माखलेली पानं नळीच्या पाण्याखाली बघता बघता हिरवीगार व्हायची.

मागच्या सुनावणीलाही ती त्यानंच धुतली होती. तेव्हा शेजारच्या अंजनाबाईंनी माइकवर सांगितलं की आमच्याकडची पानंसुद्धा काळी झालीत. साहेब हसून म्हणाले, "अम्मा, मैं उसी सड़क से आया हूँ. सब हरा है." मांडवभर हशा पिकला. ओल्या पँटनं मागे उभा असलेला बंडू गप्प राहिला. अंजनाबाई पुन्हा कधी चारचौघांत बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी दम्यानं गेल्या. त्यांना खांदा देताना बंडूला स्वतःची फार लाज वाटली होती. आणि आज त्याच माइकपाशी प्रेमला उभी राहणार होती.

"बंडू भैया, दस बजे तक दोनों तरफ चमका देना," गेटवर सुपरवायझर दयाराम म्हणाला. "परमानेंट की लिस्ट बन रही है. तुम्हारा नाम ऊपर है."

"हव," बंडू म्हणाला.

त्यानं डाव्या बाजूपासून सुरुवात केली. पानांवरून काळं पाणी ओघळत होतं. त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. बिडी पेटवली, दोन झुरक्यांत फेकली. परमनंट झालं म्हणजे लेक मंजिरीचं नर्सिंग मध्येच सुटणार नव्हतं. पोट्टी हुशार होती. त्यानं झाडं भराभर धुतली, मग उगाच सावकाश धुतली, तरी डावी बाजू संपलीच.

टँकर वळवून त्यानं उजवीकडच्या पहिल्या करंजापाशी उभा केला. नळी हातात घेतली. दुसरा हात व्हॉल्व्हवर गेला आणि तिथंच राहिला. ही झाडं धुतली की बायको खोटी ठरणार, एवढंच त्याला कळत होतं. तो किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. साडेनऊ वाजता त्यानं नळी गुंडाळली.

प्रेमला माइकवर न अडखळता बोलली. वाळत घातलेले कपडे काळे होतात, पोरं खोकतात, पानंसुद्धा काळी आहेत. पानांचं नाव निघताच साहेबांनी मान वर केली.

"हाँ, सड़क के एक तरफ पेड़ हरे हैं, दूसरी तरफ काले. ऐसा क्यों?"

कारखान्याचा मॅनेजर दयारामकडे बघू लागला आणि दयाराम मांडवाच्या छताकडे.

"डावीकडचे मी धुतले, साहेब," मागून आवाज आला. बंडू हिंदीत बोलायचंच विसरला होता. "उजवीकडचे नाई धुतले. दरवेळेस दोनीकडचे धुतो."

"क्या बोल रहे हैं?"

प्रेमलानं नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याचा शब्द न् शब्द तिनं माइकमधून हिंदीत सांगितला. या वेळी कोणी हसलं नाही. लिहून घेणाऱ्या बाबूनं नाव विचारलं.

"बंडू मेश्राम. टँकर ड्रायव्हर."

मांडवाबाहेर दयारामनं हात पुढे केला. बिचारा रागावण्यापेक्षा घाबरलाच जास्त होता. बंडूनं खिशातली किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"आधा टैंकर पानी बचा है," तो म्हणाला. "बस्ती में दे देना. पेड़ पर मत डालना."

मग तो आणि प्रेमला रस्त्याच्या उजव्या कडेनं घराकडे चालू लागले.