बारा इंजिनं

सरकार अनोमाकिर गावाला होड्यांसाठी बारा नवी इंजिनं देणार, तीही निम्म्या किमतीत, ही बातमी आली आणि किनाऱ्यावर नाच सुरू झाला. खलाशांनी टोपल्या उपड्या टाकून त्यांवर ताल धरला. एकाने होडीवरचा झेंडा काढून कमरेला गुंडाळला. भर दुपारी, उन्हाने वाळू तापलेली असताना, लोक अनवाणी नाचत होते.

अराबा मात्र आपल्या भट्टीसमोर बसून होती. तिच्या तळहातावर एक तारली होती. म्हणायला तारली, पण लांबी जेमतेम करंगळीएवढी. लोखंडी जाळीच्या चौकटीवर मासे पसरायचे आणि खालून धूर द्यायचा, ही अराबाच्या आईच्याही आधीपासूनची रीत. अलीकडे मात्र मासे जाळीच्या भोकांतून निसटून थेट विस्तवात पडायला लागले होते. म्हणून गावातल्या बायांनी चौकटींना बारीक जाळी ठोकून घेतली होती. त्याआधीच पुरुषांनी बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी समुद्रात टाकायला सुरुवात केली होती. पाण्यातलं जाळं बारीक झालं, मासा बारीक झाला, आणि त्याच्यामागोमाग भट्टीवरची जाळीही.

अराबा ही अनोमाकिरची मासळीराणी. किनाऱ्यावर आलेल्या मासळीचा पहिला भाव तिने ठरवायचा आणि मग बाकीच्या बायांनी घ्यायची, असा तिचा मान. पद मिळून अजून वर्षही झालं नव्हतं. तिची स्वतःची एक होडी होती आणि तिचा धाकटा भाऊ क्वामेना त्या होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या.

तोच आता धावत आला. घामाने निथळत होता.

"ताई, ऐकलंस का? चाळीस हॉर्सपॉवर! आपल्या होडीला एक नक्की मिळणार!"

"काय करशील त्याचं?"

"काय करशील म्हणजे? लांब जाईन."

"लांब काय आहे?"

"मासे!"

"परवा लांबच गेला होतास ना? काय आणलंस?"

"परवा वारा फिरला."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

क्वामेनाने हात जोडले. "तुला राणी केली तेव्हापासून तू सरकारी वकील झालीस बघ. आणि आरोपी कायम मीच."

अराबाला हसू आलं. तिने तो मासा त्याच्या हातावर ठेवला. "हा बघ तुझा साक्षीदार. याला अंडी घालायला अजून एक वर्ष हवं होतं."

क्वामेनाने मासा टोपलीत टाकला आणि तो पुन्हा नाचायला गेला.

अराबाला जे दिसत होतं ते काही गुपित नव्हतं. पूर्वी तेल महाग होतं तेव्हा तांडेल पहाटे किनाऱ्यावर उभा राहून पाण्याचा रंग बघायचा, पक्षी कुठे घिरट्या घालतात ते बघायचा आणि मगच निघायचा. मासे नसले तर तेल जाळणं परवडायचं नाही. होडी वाळूवरच राहायची. मग सरकारने कोळ्यांना स्वस्त तेल द्यायला सुरुवात केली. गरिबाच्या भल्यासाठीच केली, त्यात खोट नव्हती. पण जी खेप तोट्याची म्हणून कुणी केली नसती, ती आता परवडायला लागली. नव्या होड्या आल्या, मोठी इंजिनं आली. जवळपास रिकाम्या झालेल्या समुद्रातही सकाळ-संध्याकाळ जाळी पडू लागली. मंगळवार म्हणजे दर्याच्या विश्रांतीचा दिवस, पण त्या दिवशीही दोन-चार होड्या खडकांमागून हळूच सटकायच्या.

आणि आता त्यावर बारा इंजिनं.

दुसऱ्या दिवशी ती नाना एसुमानकडे गेली. नाना म्हणजे सगळ्या होड्यांचे नाईक. नारळाच्या सावलीत बसून ते पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून सांधत होते.

"नाना, ही इंजिनं आपण घ्यायची नाहीत."

नानांनी वर बघितलंच नाही. "ऊन लागलंय तुला. पाणी पी."

"मी शुद्धीवर आहे."

"मग नीट ऐक. मी नको म्हटलं तर ती बाराच्या बारा शेजारच्या बोसोमफीला जातील. मग ते लोक आपल्या दारातून आपले मासे ओढून नेतील आणि आपण इथे टाळ्या वाजवायच्या. शिवाय त्या परदेशी मोठ्या बोटी? त्या दिवसरात्र खरवडून नेतायत, ते तुला दिसत नाही?"

"दिसतं. ते चोर आहेतच, आणि मी त्यांना शिव्याही घालते. पण चोराने अर्धं घर नेलं म्हणून उरलेलं अर्धं आपण पेटवायचं का?"

नानांची सुई थांबली. "बोलायला बरी आहेस. पण एकट्या गावाने उपास करून काही होत नाही. बोसोमफीची बोत्सेवा तुझ्याबरोबर उभी राहिली तर मी ऐकेन. आणि ती उभी राहिली ना, तर मी ही दाढी काढून टाकेन."

दाढीची त्यांना काहीच काळजी नव्हती. बोत्सेवा बोसोमफीची मासळीराणी होती, आणि अराबाचं आणि तिचं फार जुनं वाकडं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिने अराबाच्या होडीची भरगच्च मासळी वाटेतच चढ्या भावाने उचलली होती. तेव्हापासून दोघी फक्त मयताला भेटायच्या, आणि तिथेही मांडवाच्या दोन टोकांना बसायच्या.

अराबाने माळ्यावरून आईची जुनी, मोठ्या भोकांची चौकट काढली, डोक्यावर घेतली आणि गच्च भरलेल्या गाडीत बसून बोसोमफी गाठलं.

बोत्सेवाने अजून भट्टी पेटवली नव्हती. ती नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून. अराबाला बघताच ती उठून उभी राहिली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग तू इथे कशी? आणि डोक्यावर काय ते? खाट विकायला काढलीस?"

"आजची एक टोपली दे."

"पैसे आहेत का?"

"बोत्सेवा, तुझी मासळी मी पळवणार नाही. ती सवय आमच्या गावाला नाही."

बोत्सेवाने डोळे बारीक केले. टोपली मात्र पायाने पुढे सरकवली. अराबाने चौकट दोन दगडांवर ठेवली, टोपली तिच्यावर उपडी केली आणि दोन्ही हातांनी चौकट हलवली. मासे सळसळत खाली वाळूत पडले. वर राहिले ते एका ओंजळीत मावतील इतकेच.

आजूबाजूच्या बाया जवळ आल्या. कुणी हसलं नाही.

"माझ्या आईच्या वेळी," अराबा म्हणाली, "खाली पडायचे ते मांजरापुरते."

बोत्सेवाने वाळूतला एक मासा उचलला. "माझी थोरली लेक भट्टी विकून शहरात जातेय," ती म्हणाली. "म्हणते, आई, हे पिल्लं भाजण्याचं काम मला नको." मग तिने पदर झटकावा तसं कमरेचं फडकं झटकलं. "काय करायचं म्हणतेस?"

"या जाळीतून पडेल ते आपण घ्यायचं नाही. तुझ्या गावात नाही, माझ्या गावात नाही. आपण घेतलं नाही तर पुरुष पकडून करतील काय?"

"ठीक. पण सुरुवात तुझ्या गावात. तुझ्याच होडीपासून. तुझ्या भावाला रिकाम्या हाती परत पाठव, म्हणजे मी मानते."

"मानशील ना? मग बुधवारी बघ."

बुधवारी सकाळी क्वामेनाची होडी वाळूला लागली तेव्हा अराबा पाण्याच्या कडेलाच चौकट मांडून उभी होती. मागे गावातल्या सगळ्या बाया. खलाशांनी पहिली टोपली आणली, तिने ती ओतली, हलवली. वर राहिलेल्या माशांचा भाव तिने नेहमीपेक्षा चढा सांगितला. खाली पडलेल्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "हे तुमचे."

"ताई, चेष्टा पुरे," क्वामेना म्हणाला.

"चेष्टा नाही."

"अगं, होडी तुझीच आहे! स्वतःच्याच पोटावर पाय देतेस?"

"माझं पोट आहे, पाय पण माझाच आहे."

बाया खदखदून हसल्या. क्वामेनाची कानशिलं लाल झाली. "बरं. बोसोमफीला घेतील. तिथे तुझं राज्य नाही."

त्याने होडी तशीच वळवली. अराबाने खरंच मासळी नाकारल्याची बातमी त्याच्याआधीच बोसोमफीला पोचली होती; किनाऱ्यावर बोत्सेवा तशीच चौकट मांडून उभी होती, आणि तिने त्याला बघून इतक्या गोड आवाजात "ये रे बाळा" म्हटलं की त्याला काय समजायचं ते समजलं. तो परत येईपर्यंत उन्हाने मासे नरम पडले होते. शेवटी कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्या एका माणसाने ते फुकटात घेतल्यासारखे नेले.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. किनाऱ्यावर अराबाला "राणीसाहेब" म्हणून मुजरे होत. दोन होड्यांनी मासळी थेट शहरात न्यायचा प्रयत्न केला आणि बर्फाच्या खर्चातच बुडाल्या. बायांचीही चूल ओढगस्तीने चालत होती. एक-दोघींनी मागच्या दाराने बारीक मासळी घेतली, तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्या अंगणात जाऊन अशी गाणी म्हटली की त्यांनी पुन्हा धाडस केलं नाही.

मग एका संध्याकाळी क्वामेना बहिणीच्या दारात आला. अराबाने केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उंडे, आणि मिरचीचं वाटण त्याच्यापुढे ठेवलं. तो खाऊन झाल्यावर बोलला.

"मोठ्या आसाचं जाळं टाकायला माझी ना नाही. पण ते आणू कुठून? तुम्ही बायांनी दार बंद केलंत, खिडकी तरी दाखवा."

"हे मला नको सांगूस," अराबा म्हणाली. "शुक्रवारी सरकारी माणसं येतायत. त्यांना सांग."

शुक्रवारी मांडव पडला, बँड आला. राजधानीहून आलेले पाहुणे पुढच्या रांगेत बसले. निळ्या कागदात गुंडाळलेली बारा इंजिनं लाकडी फळ्यांवर ओळीने उभी होती. मत्स्य खात्याचे लार्तेसाहेब कोपऱ्यात होते. त्यांनी अराबाच्या कानाशी येऊन म्हटलं, "मावशी, तुमच्या चौकटीबद्दल ऐकलं. मी वर हेच सांगून थकलो. आज तुम्ही लोकांनी बोलावं, मी पाठीशी आहे."

पहिली चार नावं पुकारली गेली आणि चौघांनी जाऊन इंजिनं घेतली, टाळ्या झाल्या. पाचवं नाव क्वामेनाचं होतं. तो उठला, पुढे गेला, इंजिनावरून प्रेमाने हात फिरवला. अराबा पुढे सरकून बघू लागली. त्याला ते इंजिन किती हवं होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"साहेब," तो पाहुण्यांना म्हणाला, "वस्तू झकास आहे. पण हिच्या बदली मोठ्या आसाचं जाळं मिळेल का?"

मांडवात हशा पिकला. पाहुणे गोंधळले. "योजना इंजिनांची आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. पण हे घेऊन मी लवकर पोचेन कुठे? मासे संपलेत तिथेच. स्वस्त तेल मिळतं म्हणून आम्ही रोज जातो, आणि रोज जातो म्हणून मासा वाढत नाही. आम्हाला पळायला मदत करताय, साहेब. थांबायला करा."

आता हशा नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "मलाही जाळं!" मग आणखी एक. लार्तेसाहेब उठले आणि म्हणाले की मासेमारी-बंदीच्या महिन्यात घरी बसणाऱ्या कोळ्याला मदत द्यावी, अशी मागणी खात्यातही आहे. पाहुणे सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विचार करू म्हणाले आणि उरलेली नावं वाचली. बारापैकी सात इंजिनं गेली. पाच पुन्हा ट्रकवर चढली.

सरकारकडून जाळी काही आली नाहीत. पण नाना एसुमान गप्प बसले नाहीत. स्वस्त तेलाच्या विक्रीतला थोडा वाटा गावाच्या समितीकडे राहायचा. आजवर त्यातून शाळेचं छप्पर झालं होतं. नानांनी बैठक बोलावली आणि त्या वाट्यातून मोठ्या आसाची जाळी घ्यायचं ठरवलं. वर हुकूम काढला की सोमवारी दुपारनंतर तेलाच्या टाकीला कुलूप, म्हणजे मंगळवारी कुणाला खडकांमागून सटकायचं असेल तर वल्ही मारत सटकावं. बैठकीला ते सफाचट गालांनी आले होते. कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त अराबा सारखी खोकत होती.

पुढच्या हंगामात समुद्र थंड झाला आणि तारली किनाऱ्याजवळ आली. मासळीचे ढीग लागले असं नाही. लार्तेसाहेब म्हणाले, दोन गावांनी समुद्र भरत नाही, मासा काही गावाची वेस बघून पोहत नाही. पण जाळ्यात आलेला मासा हातभर नसला तरी तळहाताएवढा होता, अंगाने भरलेला. क्वामेना आठवड्यातून चारच दिवस जायचा, तेल निम्मं जाळायचा, आणि घरी पहिल्याहून कमी काही आणत नव्हता. इंजिन घेतलेल्या सातांपैकी तिघांनी जाळी मागून घेतली.

पलीकडच्या तिसऱ्या गावातून निरोप आला की आमच्या बायांना येऊन समजावून सांगा. अराबा आणि बोत्सेवा एकाच गाडीत शेजारी शेजारी बसून निघाल्या.

"आधी मी बोलणार," बोत्सेवा म्हणाली. "माझा आवाज मोठा आहे."

"आवाज मोठा, पण सांगणार काय? युक्ती माझी."

"युक्ती तुझी, टोपली माझी होती."

"तेवढी एकच काय ती तू फुकट दिलीस आयुष्यात."

गाडीवाल्याने मागे वळून विचारलं की तुम्ही बहिणी आहात का. दोघी एकदमच "नाही!" म्हणाल्या, आणि पुढच्या वळणापर्यंत भांडत राहिल्या.