बझर आधी कोणाचा?

शाळेच्या प्रश्नमंजुषेचा बझर मी बनवलाय, हे शिपाईकाकांपासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच सांगत फिरत होते. चार टेबलं, प्रत्येकावर एक लाल बटण. बटण दाबलं की एक छोटासा निरोप वायरीतून निघायचा, स्टेजवरच्या माझ्या लॅपटॉपला पोचायचा, आणि ज्याचा निरोप आधी त्याच्या टेबलावर दिवा पेटायचा.

"सेकंदाला दोन लाख निरोप!" मी छाती फुगवून सांगायचे. चार बटणांना दोन लाख निरोप हवेत कशाला, असं कुणीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

अंतिम फेरी दुपारी होती, आणि स्पर्धकांत मीही होते. सकाळी सराव झाला आणि तिथेच घोळ झाला. माझ्या शेजारच्या टेबलावर वकील बसते. वकील म्हणजे माझ्याच वर्गातली, अर्ध्या मार्कासाठी बाईंचा अख्खा तास खाणारी. तिने बटण दाबलं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मी नंतर दाबलं. आणि दिवा पेटला माझा!

"बाई!" वकील ताडकन उभी राहिली. "यंत्र हिचं, टेबल हिचं, दिवापण हिचाच. मग आम्ही काय टाळ्या वाजवायला आलोय का?"

अख्खा हॉल हसला. माझं तोंड एवढंसं झालं.

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत तुझं यंत्र खरं आहे हे दाखव. नाहीतर आपलं नेहमीचं, हात वर करायचे."

हात वर! ज्या बझरपायी मी सगळी सुट्टी घरात बसून काढली, तो बाजूला ठेवून हात वर? छे!

घंटा झाल्या झाल्या मी लॅपटॉप उघडला. एक प्रोग्रॅम आहे. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, की तो धडाधड निरोप पाठवत सुटतो आणि शेवटी हिशोब देतो: सेकंदाला इतके पोचले, एकेकाला इतका वेळ लागला. मारलं एंटर. दोन लाख!

"मामा, बघ!" मी ओरडले. मामाचं कामच वायरी टाकण्याचं. शाळेने त्याला स्पीकर जोडायला बोलावलं होतं, आणि तो शिडीवर चढून बसला होता.

"पाठवणारा कुठेय?" त्याने वरूनच विचारलं.

"या लॅपटॉपमध्ये."

"आणि घेणारा?"

"...याच लॅपटॉपमध्ये."

मामा इतका हसला की शिडी हलायला लागली. "भाचीबाई, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारलीस आणि म्हणतेस, टपाल काय झटपट पोचतं! अगं, निरोप घराबाहेर पडलाच नाही!"

झाला माझा पचका! पण रडत बसायला वेळ कुणाला होता? मी प्रयोगशाळेतला लॅपटॉप पळवत आणला आणि वकीलच्या टेबलावरच्या वायरीला जोडला. आता निरोप इथून निघणार, स्टेजवर जाणार आणि परत येणार. वकीलही डबा घेऊन शेजारी येऊन बसली.

"मी पुराव्यावर लक्ष ठेवायला आलेय," ती घास चावत म्हणाली.

एंटर. काही निरोप क्षणात परतले, काहींनी जवळजवळ अर्धा सेकंद लावला.

"पण सरासरी बरीय," मी पुटपुटले.

"सरासरी काय चाटायचीय? माझ्या बाबांना टक्कल, आईची वेणी कमरेपर्यंत. मग सरासरीने दोघांचे केस खांद्यापर्यंत का?"

मला हसू आलं, आणि हसता हसता मी टाइप केलेली ओळ पुन्हा वाचली. आई गं! दोन लाखांच्या नादात मीच तिच्यात घातलं होतं, की निरोप सुटा पाठवू नकोस, गठ्ठा बांध आणि ठरल्या वेळी सोड. गठ्ठ्याने आकडा फुगतो ना! आणि हीच शहाणपणाची गोष्ट मी चारही बटणांत प्रेमाने भरली होती.

"अगं, हे बस स्टँडसारखं झालंय!" मी वकीलचा हातच धरला. "तू आधी येऊन बसलीस, पण तुझ्या बसची वेळच झाली नव्हती. मी मागून धावत आले, तर माझी बस सुटतच होती. म्हणून मी आधी पोचले!"

"म्हणजे मी खरी होते."

"शंभर टक्के!"

"हे बाईंसमोर बोल."

बोलले. गठ्ठा काढून टाकला, चारही बटणं नीट केली आणि बाईंसमोर प्रत्येक टेबलावरून मोजून दाखवलं. आकडा दोन लाखांवरून धाडकन काही हजारांवर आला.

"ई, केवढा घसरला!" वकील म्हणाली.

"घसरू दे! सगळ्यात आळशी निरोप बघ."

सगळ्यात आळशी निरोपसुद्धा पापणी लवायच्या आत परत आला होता. बाईंनी चष्मा वर करून पडदा वाचला. "ठीक आहे, बझर राहू दे. पण पुन्हा तसं झालं, तर तिथल्या तिथे हात वर."

दुपारी हॉल खच्चून भरला. पहिलाच प्रश्न, आणि मला उत्तर येत होतं! मी बटणावर झडप घातली. वकीलनेही घातली. नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता आलं नसतं, आधी कोण.

दिवा पेटला तिचा.

सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही भांडणार म्हणून. आणि मी मात्र खुर्चीवर चढून नाचायला लागले. "पेटला! तिचा पेटला!"

"अगं, तू मागे पडलीस!" बाई म्हणाल्या.

"हो ना बाई! बरोब्बर मागे पडले!"

मागून मामाची शिट्टी आली. वकील माझ्याकडे बघतच राहिली, आणि त्या नादात उत्तरच विसरली.

"बाई, हरकत!" ती ओरडली. "ही नाचून माझं लक्ष उडवतेय!"