बलियाखालचा पाचवा ठिपका

आजीला जाऊन अकरा महिने झाले आणि तिचे फॉलोअर्स अजून वाढतायत. जिवंत होती तेव्हा तांड्याबाहेर तिला कुत्रं विचारत नव्हतं.

माझी आजी रुपीबाई फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात आरसे आणि कवड्या लावून छोटे छोटे बटवे शिवायची. मी त्याचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायला लागले. चेहरा दाखवायला ती कबूल होईना, म्हणून फक्त हात. मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे आमच्या बायकांच्या रुंद बांगड्या, आणि हाताच्या पाठीवर गोंदलेले चार हिरवे ठिपके. लोक बटव्यांपेक्षा त्या ठिपक्यांवर जास्त खूश होते.

ती गेली तेव्हा तिची धाकटी बहीण हंसाबाई वणीला हृदयाच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर होती. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग माझ्या बाबांनी आणि हंसाआजीच्या मुलाने, संजयकाकाने, तिला कळवलंच नाही. रुपीचे कान गेले, फोनवर ऐकू येत नाही, असं सांगून वेळ मारून नेली. खोटं बोलण्यात आमचं घर एक नंबर, आणि घरात मी एक नंबर.

कारण हंसाआजी रोज संजयकाकाच्या मोबाइलवर आमचं पेज बघायची. व्हिडिओ थांबले असते तर तिला कळलं असतं. महिनाभरात जुने व्हिडिओ संपले. तेव्हा मी आजीच्या बलिया चढवल्या, हात म्हातारा दिसावा म्हणून राख चोळली, हिरव्या पेनने चार ठिपके काढले आणि शिवायला बसले. तिच्याच खोलीत, तिच्याच बाजेवर, डोक्यावर तिची ओढणी घेऊन. ओढणी काही कॅमेऱ्यात येत नव्हती. पण ती घेतल्याशिवाय माझे टाके सरळ पडत नव्हते, आणि याचीच मला भीती वाटायची.

हंसाआजीचे व्हॉइस मेसेज यायचे. "निकिता, रुपीच्या कानात सांग, या खेपेले हिरवा धागा लाव म्हना." दुसऱ्या दिवशी मी हिरवा धागा लावायचे. "लय घाई करून राह्यली ते, सांग तिले." मी हात सावकाश चालवायचे. एका दुपारी तिचा मेसेज मी रिकाम्या बाजेसमोर मोठ्याने लावला. का, ते विचारू नका. ऐकताना माझीच मान हलली, आजी हलवायची तशी. त्या दिवसापासून पेनचे ठिपके मला धुवावेसे वाटेनात.

लोक मागे लागले होते, आजींना एकदा लाइव्ह आणा. गेल्या रविवारी आईबाबा कापूस वेचायला शेतात गेले होते. दुपारी फोन डब्याला टेकवला आणि लाइव्ह सुरू केलं. हात तेवढे दिसत होते. एकशे चाळीस माणसं बघत होती.

दारातून कोणीतरी आत आलं. आई असेल असं वाटलं म्हणून मी वळले नाही. मागे बाज कुरकुरली आणि एक खांदा माझ्या पाठीला टेकला.

"रुपी, मी आली वं," हंसाआजी म्हणाली. "तीन एसट्या बदलून आली. संजयले सांगतलंच नाही, नाहीतर येऊ देल्लं नसतं त्यानं."

तिने माझा हात मांडीवर घेतला. चारही ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग बलिया वर सारल्या आणि आत काहीतरी शोधू लागली. एकदा, दोनदा. तिचा अंगठा थांबला. तिने माझ्या डोक्यावरची ओढणी मागे सारली.

माझा चेहरा तिने नीट पाहिला.

"कवा गेली?"

"अकरा महिने झाले."

हात तिने सोडला नाही. "लहानपनी गोंदताना मी लय रडत व्हती. दोघीले चार-चार गोंदले. मंग मी गप बसावं म्हनून तिनं माह्यासाठी एक जास्तीचा गोंदून घेतला. इथं, बलियाखाली. कोनाले माहीत नाही." तिने माझ्या कोऱ्या मनगटावर बोट ठेवलं. "मंग मी इतके दिवस कोनासंग बोलून राह्यली?"

तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि मयताच्या दारात आमच्या बायका नाव घेऊन सूर लावून रडतात तशी, आमच्या गोर बोलीत, बहिणीला हाका मारून रडू लागली. अकरा महिने उशिरा.

फोन चालूच होता. पडद्यावर लाल बदाम उडत होते. नुकत्याच आलेल्या कोणीतरी लिहिलं होतं, "किती गोड आवाज! आजी, अजून गा ना."

मी बलिया काढल्या. चेहरा कॅमेऱ्यासमोर नेला, पहिल्यांदाच.

"आजी गेली," मी म्हणाले, आणि मलाही रडू फुटलं. इतक्या दिवसांत मी तिच्यासाठी एकदाही रडले नव्हते. मीच आजी होऊन बसल्यावर आजीसाठी रडणार कोण?