कूलरच्या वाऱ्यातले गंधकाम्ल

मित्रांनो, मी एक जुने काचेचे चंचुपात्र आहे. बीकर म्हणालात तरी चालेल. पेला मात्र म्हणू नका. साधी काच ज्या ज्वालेवर तडकते, तिच्यावर नागपूरच्या एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे ताठ मानेने बसले.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तेथील तीव्र गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, संपले. नवे येईना. तेव्हा उरलेल्या विरल आम्लातले पाणी उकळून काढायचे ठरले. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सिंधूताईंनी मला निम्म्याहून कमी भरले, तळाशी चिनी मातीचे तुकडे टाकले आणि मगच बर्नर पेटवला. ते तुकडे नसले, तर शांत भासणारे आम्ल अवचित उसळते. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात मला ठेवून त्यांनी पुढची काचेची झडप खाली ओढली.

पाणी जाऊ लागले, तसे पोटातले आम्ल जड आणि तापट होत गेले. मला चैन पडेना. पांढरा धूर दिसताच ज्योत विझवायची होती. तो नीट दिसावा म्हणून शामला या विद्यार्थिनीने झडप वर केली आणि वाकून पाहू लागली.

तेवढ्यात प्राध्यापक गोपाळराव घाम पुसत आले. समोरच्या कूलरमध्ये त्यांनी बादलीभर पाणी ओतले आणि बटण दाबले.

"ॲसिडले कपाट, अन् मास्तरले काहीच नाही?" ते हसले.

कूलरच्या वाळ्याच्या ताटीतून पाण्याचे तुषार उडाले. कपाटातली वाफ उलटी फिरली. एक थेंब माझ्यात पडला आणि आम्ल फुत्कारून उसळले.

"तोंड मागं घे वं!" सिंधूताईंनी शामलाची वेणी धरून तिला ओढले आणि झडप खाली आपटली. आतल्या बाजूने आम्लाचे ओघळ उतरले. त्यांनी ज्योत विझवली. "बंद करा तो कूलर! काहून लावला? पोरीचे डोळे गेले असते ना!"

गोपाळराव कूलर बंद करायला धावले.

"शामला, दिसून राहिलं का तुले?"

"हो, ताई."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही. आता वेणी सोडा ना, ताई!"

मी निवेपर्यंत सिंधूताईंनी कोणालाही मला हात लावू दिला नाही. निवल्यावर माझ्या अंगावर केसाएवढी चीर दिसली. तेव्हापासून मी फळीवर आहे. ज्वाला नाही, काम नाही, आणि स्वस्थताही नाही.

मित्रांनो, काच फुटली तर दुसरी येते, हे मी काच असूनही सांगते. डोळ्यांचे तसे नाही. तापलेल्या आम्लाजवळ पाणी आणि वारा येऊ देऊ नका, संरक्षक चष्मा लावा, चेहरा दूर ठेवा. ही विनंती समजू नका, ताकीद समजा.