खांबाचा आवाज

"अध्यक्ष, कात्री घ्या न् फीत कापा. हातोडी कशाला काढताय?" ठेकेदार दात काढत म्हणाला.

नगराध्यक्ष होऊन चार वर्षं झाली, तरी गाव त्याला गवंडीच म्हणायचं. त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातली हातोडी काही सुटली नव्हती. त्यानं चौथऱ्यावर उभ्या नव्या पाण्याच्या टाकीच्या खांबावर ठोकलं आणि कान लावला.

बद्द.

गवंडीकामाचा कायदाच तसा. काम झालं की मिस्त्रीनं ठोकून ऐकायचं न् ओरडून सांगायचं. टण्ण वाजलं तर भरीव, बद्द वाजलं तर पोकळ. बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर जीव टाकायचा.

बारा वर्षांपूर्वी थोरल्या भावानं असाच जीव टाकला होता. त्या दिवशी गवंड्याची पहिली प्रचारसभा होती. भिंत फोडून पुन्हा बांधायची तर सभा हुकली असती. "टण्ण आहे दादा, चढ!" तो ओरडला. भाऊ चढला आणि भिंत मटकन खाली बसली. गावाला कळवळा आला, भरभरून मतं पडली, तो नगरसेवक झाला.

तेव्हापासून त्याला सगळंच पोकळ वाजायला लागलं. सभागृहाचं टेबल बद्द, कलिंगड बद्द, स्वतःची छाती बद्द. दौऱ्यावर आलेल्या मंत्र्याच्या पाठीवर थाप मारली, तीही बद्द. मंत्र्यापुरता त्याचा कान बरोबर आहे, असं पारावर ठरलं, बाकी बाधलेला.

"तुमच्या कानाचं सगळ्यांना ठाऊक आहे," ठेकेदार हळूच म्हणाला. "तीन उन्हाळे झाले, बाया तंगड्या तोडत ओढ्यावर जातायत. हसं करून घेऊ नका."

चौथऱ्याखाली हंड्यांची रांग लागली होती. वारा नुसता फुफाटा उडवत होता. "कापा की ओ! का पाऊस पडायची वाट बघताय?" कुणीतरी ओरडलं.

गवंड्यानं पुन्हा ठोकून बघितलं. खांबच पोकळ आहे की आपणच? कात्री उचलली तरी भीती, ठेवली तरी भीती.

रांगेत वहिनी होती, भावाची बायको. वीस वर्षं नवऱ्याच्या हाताखाली तिनं घमेली वाहिली होती. नवरा गेल्यापासून दिराशी चकार शब्द बोलली नव्हती. गवंडी खाली उतरला, हातोडी पुढं धरली.

"वहिनी, तुम्ही ठोका."

तिनं हंडा ठेवला, खांबापाशी गेली. एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं. गाल खांबाला लावून डोळे मिटले.

"पोकळ आहे," ती म्हणाली.

गवंड्यानं गिलावा फोडला. आत सुटी खडी निघाली, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे बोळे निघाले. ठेकेदाराची गाडी कधी सुटली कुणाला दिसलंच नाही. टाकी कोरडीच राहिली.

"आता मतं मागायला ये, मग बघते!" म्हणत बाया ओढ्याच्या वाटेला लागल्या. टाकी भरली असती तर कोसळली असती न् त्या बरोब्बर खालीच उभ्या होत्या, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

वहिनी मागं राहिली होती. गवंडी तिच्यापाशी आला.

"म्हणजे कान बरा आहे माझा. वहिनी, त्या दिवशीपण... बद्दच वाजलं होतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "घमेलं घेऊन मी खालीच उभी होते. मलाही तसंच ऐकू आलं. म्हटलं, मिस्त्रीचा कान आपल्याहून मोठा. गप्प बसले."

तिनं हातोडी त्याच्या हातात ठेवली, रिकामा हंडा कमरेवर घेतला.

"बारा वर्षं एकटीच ऐकतेय, भाऊजी. आजपासून दोघं ऐकू."